वाजवणारी माणसं घरी नेमकं काय ऐकतात?

अनवट

मी व्हायोलिन शिकते. रियाज नियमित चालू आहे, अडचण तिथे नाही. प्रश्न ऐकण्याचा आहे. माझ्या फोनमध्ये डोकावलंत तर बाखच्या पार्टिटा या वाद्यरचनांना लागून बल्गेरियन बायकांचं समूहगान, त्याखाली सूफी गायिका आबिदा परवीन, मग मेटॅलिका हा हेवी मेटल बँड असं काहीही सापडेल. ऐकताना मला त्यात काहीच खटकत नाही. शिक्षकांचं म्हणणं मात्र असं की घडणीच्या वर्षांत कानावर एकच शैली पडावी, नाहीतर हात धड इकडचा राहत नाही आणि तिकडचाही होत नाही. ते फार चांगले शिक्षक आहेत, त्यामुळे त्यांचं म्हणणं उडवून लावणं मला जमत नाही.

म्हणून विचारते. जे खरोखर मोठे झाले ते घरी काय ऐकायचे? त्यांच्या संग्रहात काय होतं? आणि त्या ऐकण्याचं त्यांच्या वाजवण्यात काही उतरलं, की तो निव्वळ विरंगुळा होता? ठोस उदाहरणं हवी आहेत. ‘संगीताला सीमा नसते’ हे मलाही मान्य आहे, पण तेवढ्याने माझं भागत नाही.

मंद्र

दोन उदाहरणं चटकन आठवली.

पहिलं ग्लेन गूल्डचं. बाखमुळे जगभर नाव झालेला हा कॅनडाचा पियानोवादक पेटुला क्लार्क या ब्रिटिश पॉप गायिकेवर फिदा होता. उत्तर ओंटारिओत एकटाच गाडी चालवत जाताना वाटेतल्या रेडिओ केंद्रांवर तिचं गाणं पुन्हा पुन्हा गाठायचा. १९६७ साली त्याने ‘हाय फिडेलिटी’ मासिकात तिच्यावर चांगला लांबलचक लेख लिहिला. त्याच लेखात बीटल्सवर कडक टीका आहे. म्हणजे जे कानावर पडेल ते गोड मानणारा हा माणूस नव्हे, आवड पक्की आणि स्वतःची होती. त्याचा सर्वांत लाडका रचनाकारही बाख नव्हता, ऑर्लँडो गिबन्स होता. बाखच्या जन्माआधी साठ वर्षं वारलेला इंग्रज.

दुसरं सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक रॉक बँडचा गायक जॉनी रॉटनचं. जुलै १९७७ मध्ये लंडनच्या कॅपिटल रेडिओवर टॉमी व्हान्सच्या कार्यक्रमात तो स्वतःच्या रेकॉर्ड घेऊन गेला. पंकचा म्होरक्या काय लावतो म्हणून लोक कान टवकारून बसलेले, आणि याने लावलं काय, तर टिम बकली, पीटर हॅमिल, कॅन हा जर्मन बँड, कॅप्टन बीफहार्ट, नील यंग आणि जमैकाचं रेगे तर ढिगाने. हा विरंगुळा नव्हता. पिस्टल्स फुटल्यावर १९७८ मध्ये त्याने जो नवा बँड काढला, त्यातला बास ऐका, थेट त्या रेगे रेकॉर्डांतून आलेला आहे.

जुनी खरखर

जुन्या रेकॉर्ड धुऊन, वाजवून त्यांची डिजिटल प्रत तयार करणं हे माझं काम. कुणी गायक-वादक गेले की घरची मंडळी त्यांचा संग्रह घेऊन येतात, त्यामुळे अशी कपाटं मी बरीच हाताळली आहेत. माझा अनुभव असा की कपाटात काय आहे यावरून फारसं कळत नाही. भेट आलेल्या, शिष्यांनी आणून दिलेल्या, कंपनीने पाठवलेल्या रेकॉर्ड त्यात असतातच. तो माणूस खरं काय ऐकत होता ते खाचा सांगतात.

एलपी दिव्याखाली तिरकी धरा. न वाजलेला भाग काळाभोर चमकतो, फार वाजलेला राखाडी पडतो. नुसत्या रसिकाच्या रेकॉर्डवर हा राखाडीपणा आवडत्या गाण्यावर इथून तिथवर सारखा पसरलेला असतो. वाजवणाऱ्याच्या रेकॉर्डवर तसं नसतं. एलपीवर मिनिटभराचं संगीत जेमतेम चार मिलिमीटर जागा घेतं, म्हणजे वीस-पंचवीस सेकंदांची एखादी जागा नखाच्या कडेएवढी बारीक पट्टी होते. तेवढीच पट्टी झिजलेली असते, आणि तिच्या सुरुवातीला सुई पुन्हा पुन्हा टेकवल्याचे बारीक ओरखडे. बाकीची बाजू जवळजवळ कोरी.

एका तालवादकांचा संग्रह असाच माझ्याकडे आला होता. तालवाद्यांच्या रेकॉर्ड भरपूर होत्या आणि बहुतेक सगळ्या स्वच्छ. झिजलेली होती ती एका पुरुष गायकाने गायलेल्या शूबर्ट या रचनाकाराच्या जर्मन गाण्यांची एलपी, तीही एका गाण्यात, एका ठिकाणी. लेबलच्या कडेला पेन्सिलीचा ठिपका, आतल्या कागदावर मिनिट-सेकंद लिहिलेले. त्यांची मुलगी म्हणाली, बाबांना जर्मन येत नव्हतं, पण गायक तिथे श्वास कुठे घेतो ते ते पुन्हा पुन्हा ऐकायचे. मी ती जागा वाजवून पाहिली. ओळ संपता संपता गायक किंचित थांबतो, पियानो पुढे सरकतो आणि आवाज मागून येऊन त्याला मिळतो. समेआधीची मोकळी जागा किती ताणता येते, याचा धडा त्यांनी तिथून घेतला होता. तालवाद्याच्या शंभर रेकॉर्ड ऐकूनही तो तसा मिळाला नसता असं मला मनापासून वाटतं.

आपलंच वाद्य ऐकताना कान दुरुस्त्या करत बसतो. बोट कुठे पडलं, हा असं का वाजवतोय, मी असतो तर काय केलं असतं. दुसऱ्या प्रांतात गेलं की ते थांबतं आणि संगीत सरळ आत येतं. म्हणून विरंगुळा आणि शिक्षण असे दोन वेगळे कप्पे मला तरी कुणाच्या संग्रहात दिसले नाहीत.

तुम्ही मोठ्यांची उदाहरणं मागितलीत, तर जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगचं बघा. न्यू ऑर्लिन्समधला तरुण पोरगा, स्वतःचा ग्रामोफोन घेतला आणि जॅझच्या जोडीला कारुसो, टेट्राझिनी, गाली-कुर्ची अशा ऑपेरा गायकांच्या तबकड्या जमवल्या. त्याच्या ट्रम्पेटमध्ये ‘रिगोलेत्तो’ या ऑपेराचे तुकडे येतात ते अभ्यासकांनी दाखवून दिलेत. पुढे गाय लोंबार्डोचा गुळगुळीत नाचगाण्यांचा वाद्यवृंद त्याला अतिशय आवडायचा आणि ते तो उघडपणे सांगायचा, जॅझवाल्यांनी नाकं मुरडली तरी. १९५०च्या सुमारास त्याने टेपरेकॉर्डर घेतला आणि आयुष्यभर टेप भरत राहिला. साडेसहाशेच्या आसपास रिळं, त्यांच्या खोक्यांवर स्वतः कातरून चिकटवलेली चित्रं, आत काय आहे याच्या हाताने लिहिलेल्या याद्या. न्यूयॉर्कमधल्या त्याच्या घराचं आता संग्रहालय झालंय आणि त्या टेप जपून ठेवलेल्या आहेत. संग्रह हा काही त्याने मिरवण्यासाठी केला नव्हता, रोजच्या वापरातली वस्तू होती.

आता कुमार गंधर्व. ख्यालगायक, आणि लता मंगेशकरांवर त्यांनी लिहिलेला लेख सांगतो की आजारपणात सहज रेडिओ लावला असता तो आवाज त्यांच्या कानी पडला, गाणं संपेपर्यंत ते नुसते ऐकत राहिले आणि नाव जाहीर झालं तेव्हा कळलं की या दीनानाथांच्या कन्या. तीन तासांच्या मैफलीचा रस तीन मिनिटांच्या तबकडीत सामावू शकतो, हे त्या लेखात एक शास्त्रीय गायक छातीठोकपणे सांगतो. आणि देवासला आजारात पडून असताना त्यांनी माळव्याची लोकगीतं ऐकली, त्यांतून पुढे त्यांचे धुनउगम, म्हणजे लोकधुनांतून उगवलेले, राग आले. गाणं बंद होतं, कान चालू होते. मला त्यांच्या सगळ्या चरित्रात हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

लयकारी

वरचं सगळं पटतं, पण शिक्षकांची बाजूही कुणीतरी मांडायला हवी. भीमसेन जोशींचं उदाहरण घ्या. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी कानावर पडली आणि १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, असं गाणं शिकायचं म्हणून मुलगा घर सोडून गेला. दहा प्रकारचं ऐकून हे घडलं नाही, एका आवाजाने झपाटल्यामुळे घडलं. आज आपण झपाटून जाण्याआधीच पुढचं गाणं लावतो. अनवट यांच्या शिक्षकांना कदाचित हीच भीती असेल. विविधतेवर त्यांचा राग नसावा, चंचलतेवर असावा.

जुनी खरखर

लयकारी, तुमचा मुद्दा मोलाचा आहे आणि झिजलेल्या पट्ट्या तेच सांगतात: ही माणसं थोडं ऐकायची आणि फार वेळा ऐकायची. फक्त ज्यांच्या आवाजाने भीमसेनजी झपाटले ते अब्दुल करीम खाँसाहेब स्वतः काय ऐकत होते तेही पाहा. किराणा घराण्याचा हा गायक दक्षिणेकडचं कर्नाटक संगीत इतकं मन लावून ऐकत, शिकत होता की त्यांनी त्यागराजांची ‘राम नी समानमेवरु’ ही खरहरप्रिया रागातली कृती गाऊन ध्वनिमुद्रित केली. किराण्याच्या सरगमवर तिकडची छाया आहे असं जाणकार सांगतात. म्हणजे त्या एका तबकडीतल्या आवाजात बरंच काही आधीच मुरलेलं होतं.

आणि वय झाल्यावर दार उघडता येत नाही असंही नाही. हंगेरियन रचनाकार ग्यॉर्गी लिगेतीला पॅरिसमध्ये १९८० साली कॉनलन नॅनकॅरोच्या रेकॉर्ड मिळाल्या. नॅनकॅरो मेक्सिको सिटीत एकटा बसून स्वयंचलित पियानोच्या कागदी गुंडाळ्यांना हाताने भोकं पाडायचा, कुठल्याही माणसाला वाजवता येणार नाहीत अशा लयी बांधायचा. दोन वर्षांनी लिगेतीच्या एका विद्यार्थ्याने त्याला मध्य आफ्रिकेतल्या बांडा-लिंडा लोकांच्या शिंगवाद्यांचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. प्रत्येक वादकाकडे एकच सूर, आणि सगळ्यांचं मिळून जाळं विणलेलं. लिगेती तेव्हा साठीला टेकला होता, नाव झालेलं होतं. १९८५ मध्ये त्याच्या पियानो एट्यूडचं, म्हणजे अभ्यासरचनांचं, पहिलं पुस्तक पूर्ण झालं आणि त्यात हे दोन्ही आहे, पण नक्कल कुठेच नाही. दहा बोटांत वेगवेगळ्या गतीने चालणारे थर आहेत. पहिली एट्यूड ऐका, उजवा हात फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर, डावा काळ्यांवर, दोघांचे आघात एकमेकांपासून हळूहळू सरकत जातात.

तिस्र

एक उलटं उदाहरणही नोंदवून ठेवते. बीबीसीवर १९४२ पासून ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ कार्यक्रम चालतो, निर्जन बेटावर न्यायच्या आठ रेकॉर्ड पाहुण्याने निवडायच्या. १९५८ मध्ये सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची ऑपेरा गायिका, एलिझाबेथ श्वार्झकॉफने आठपैकी सात स्वतःच्याच निवडल्या. तिचं गाणं मला फार आवडतं, पण ती यादी वाचून वाईट वाटलं होतं. याउलट जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव रवी ठेवलं, रविशंकरांवरून.

अनवट

सगळ्यांचे आभार. लयकारी, ‘चंचलता’ हा शब्द बोचला, कारण खरा आहे. मेटॅलिका मला जितकं आवडतं त्याच्या निम्म्यानेही मी ते नीट ऐकलेलं नाही.

बल्गेरियन समूहगानातल्या एका जागेवर मी कायम अडकते. दोन आवाज एकमेकांना इतके जवळून घासतात की हवा थरथरल्यासारखी वाटते आणि मग एक आवाज उसळी मारून तुटतो. व्हायोलिनवर दोन तारा एकदम धरून ते साधतंय असं वाटतं, पण पकडता येत नाही. जुनी खरखर ताई, रेकॉर्डवाली मंडळी एवढी जलद जागा कशी पकडायची? नुसतं पुन्हा पुन्हा ऐकून?

जुनी खरखर

जुन्या बऱ्याच प्लेअरना मिनिटाला १६ फेऱ्यांचा वेग असायचा. एलपीचा वेग ३३⅓, हा १६⅔, म्हणजे बरोबर निम्मा. सुई तिथेच ठेवायची आणि खटका फिरवायचा. जागा दुपटीने लांबते आणि सूर अचूक एक सप्तक खाली जातो, त्यामुळे वाद्य पुन्हा जुळवावं लागत नाही, खालच्या सप्तकात सोबत वाजवत बसता येतं. भराभर वाजणाऱ्यांच्या जागा कित्येकांनी अशाच उतरवून घेतल्या.

तुमच्या फोनवर हेच करता येईल, फक्त वेग कमी करताना सूर मूळ पट्टीत धरून ठेवणारा पर्याय बंद करा. तो चालू असला की ॲप आवाजाचे तुकडे ताणून जोडतं आणि आघाताची सुरुवात पुसट होते, तुम्हाला तर नेमकी तीच हवी आहे. निम्म्या वेगावर ते घासणंही निम्मं होईल आणि कंपनं एकेक करून ऐकू येतील. मग दोन तारांवर आधी तोच संथ कंप जुळवा, सूर जवळ आणत न्या, हळूहळू मूळ वेगावर या. ती आवाजाची उसळी कदाचित डाव्या हाताची नसेलच, गजाची असेल. तो आवाज तुटण्याआधी गायिका जोर वाढवते की कमी करते, एवढंच आधी ऐका. आणि या जागेचं काय झालं ते तुमच्या शिक्षकांना वाजवून दाखवा, गजाबद्दल ते माझ्यापेक्षा नेमकं सांगतील.