रेडिओची जाहिरात: हसवायचं की विकायचं?

बोरूबहाद्दर: विनोदी रेडिओ जाहिरात म्हणजे क्लायंटच्या पैशांवर भागवलेली लेखकाची हौस, असं माझं मत होत चाललंय. ऐकणाऱ्याला विनोद पाठ असतो, पण 'कशाची होती?' विचारलं की डोकं खाजवतो. ३० सेकंदांत जेमतेम ६०-७० शब्द बसतात. त्यातले निम्मे पंचची, म्हणजे हशा पिकवणाऱ्या शेवटच्या ओळीची, तयारी करण्यात जातात आणि ब्रँडचं नाव शेवटी धापा टाकत येतं. त्यापेक्षा नाव चारदा घ्या आणि मोकळे व्हा.

कानसेन: चारदा नाव घेतलंत की पाचव्या वेळी लोक स्टेशन बदलतात! अमेरिकन विनोदकार आणि जाहिरातकार स्टॅन फ्रीबर्गचा १९६० च्या दशकातला स्पॉट, म्हणजे रेडिओ जाहिरात, आठवा. मिशिगन सरोवर रिकामं करून त्यात हॉट चॉकलेट भरायचं, वर ७०० फुटी क्रीमचा डोंगर, आणि विमानातून त्यावर १० टनांची चेरी टाकायची. हे सगळं नुसत्या साउंड इफेक्टवर. आणि मग, हे टीव्हीवर करून दाखवा, असा टोमणा.

बोरूबहाद्दर: फ्रीबर्ग रेडिओच विकत होता हो, 'जाहिराती रेडिओवर द्या' म्हणून; साबण नव्हे.

कानसेन: तेच तर म्हणतोय! विनोद मालातूनच निघाला होता. स्क्रिप्टमधलं नाव खोडून दुसऱ्याच ब्रँडचं घाला. विनोद तरीही चालला, तर कागद फाडा. बायको विसरभोळ्या नवऱ्याला झापते, हा संवाद विम्यालाही चालतो आणि पंख्यालाही, म्हणून तो कुणाचाच नसतो.

मिक्सरवाली: स्टुडिओत बसणारीचं ऐका. पंच दहाव्यांदा ऐकताना मेलेला असतो, आणि स्पॉट तर दिवसातून कितीतरी वेळा वाजतो. टिकतं ते पात्र. १९८६ पासून 'मोटेल ६' या अमेरिकेतल्या स्वस्त हॉटेलांच्या साखळीच्या जाहिरातींत निवेदक टॉम बोडेट शांतपणे सांगायचा, तुमच्यासाठी दिवा चालू ठेवतो. शेवटी थोडे सेकंद उरले म्हणून त्यानं ते वाक्य आयत्या वेळी जोडलं, असं सांगतात. त्यात खदखदून हसण्यासारखं काही नाही, पण माणूस ओळखीचा वाटतो. आमच्याकडे मात्र दोन सेकंद उरले की क्लायंट त्यात फोन नंबर कोंबतो. गाडी चालवणारा तो कुठे लिहून घेणार, देव जाणे.

बोरूबहाद्दर: पात्राचं पटलं. पण असा आवाज दर वेळी कुठून आणायचा? सामान्य निवेदकाच्या तोंडी सामान्य विनोद दिला की दोघंही पडतात. विनोद जमत नसेल तर सरळ बोला, एवढंच माझं म्हणणं.

कानसेन: 'जमत नसेल तर' हे मघाशी नव्हतं हं.

बोरूबहाद्दर: बरं. नाव खोडून माझ्याच तीन जुन्या स्क्रिप्ट तपासल्या. दोन फाडल्या. तिसरीत विनोदच नव्हता.