मदत हवी आहे: सुपरचार्ज केलेल्या जिप्सीला बायपास व्हॉल्व्ह लावावा की ब्लो-ऑफ?

माझ्या १.३ लिटर पेट्रोल जिप्सीवर बेल्टवर चालणारा रूट्स प्रकारचा (दोन फिरत्या रोटरचा) सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप, बसवला आहे. बूस्ट (हवेचा जादा दाब) सुमारे ५ पीएसआय असून इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) नाही. थ्रॉटल बॉडी (अ‍ॅक्सिलरेटरने उघडझाप होणारी हवेची झडप) मूळ जागी, म्हणजे सुपरचार्जरनंतर आहे. हवेची मोजणी मॅप सेन्सरने (मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्या, यांतला दाब मोजणारा) होत असल्यामुळे हवा बाहेर सोडली तरी मिश्रण बिघडणार नाही, या विचाराने ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (जादा दाबाची हवा बाहेर सोडणारी झडप) लावला. मात्र पाय उचलताच तो फडफडतो आणि वणी-यवतमाळ रस्त्यावर संथ वेगातही सुपरचार्जरनंतरचा पाइप फार तापतो. नरम स्प्रिंग लावून पाहिली, गळती तपासली. व्हॅक्यूमची नळी मॅनिफोल्डवरच आहे.

टर्बोपेक्षा वेगळे म्हणजे हा सुपरचार्जर कमी भारावरही इंजिनाच्या गतीने हवा ढकलतच राहतो, म्हणून ती हवा इनलेटकडे परत वळवणारा बायपासच योग्य, असे माझे मत होत चालले आहे. (ब्लो-ऑफच्या आवाजाची हौस नाही.) वेल्डिंग गावात होते, ट्यूनिंगसाठी मात्र नागपूर गाठावे लागते; उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि धुळीमुळे परतीची नळी एअर फिल्टरनंतरच जोडणार आहे.

अशा रचनेत बायपासचा व्यास किती ठेवावा, आणि ब्लो-ऑफ पूर्णपणे काढल्यास थ्रॉटल अचानक बंद होताना एकटा बायपास दाब सांभाळू शकेल का?