चेफालूची ला रोक्का टेकडी: डायनाच्या मंदिरावरून परतावे की माथा गाठावा?

पायवाट (कोथरूड)
नमस्कार. मे महिन्यात आईसोबत सिसिलीला जाणार असून पालेर्मोच्या मुक्कामातला एक दिवस चेफालूसाठी राखून ठेवला आहे. समुद्राकाठच्या त्या गावामागे उभी असलेली 'ला रोक्का' ही टेकडी चढण्याची आम्हा दोघींचीही इच्छा आहे. आई ६४ वर्षांची आहे. ती रोज पर्वती चढते आणि गेल्या हिवाळ्यात आतकरवाडीच्या वाटेने सिंहगडही चढली, मात्र उतरताना तिचे गुडघे दुखतात. आम्ही माथ्यापर्यंत जावे की डायनाच्या मंदिरावरून परतावे? त्या मंदिरामागची कथाही कोणी सांगितली तर फार बरे होईल.

बालेकिल्ला (सदाशिव पेठ)
टेकडीची उंची सुमारे २७० मीटर आहे आणि चढ जवळजवळ समुद्रसपाटीपासूनच सुरू होतो, त्यामुळे सिंहगड चढलेल्या आपल्या आईंना चढणीची चिंता नको. आपल्या गडांच्या भाषेत सांगायचे तर मंदिर माचीवर आहे आणि किल्ल्याचे अवशेष बालेकिल्ल्यावर. गावातून पायऱ्यांची वाट तटबंदीच्या दरवाजांतून माचीवर येते. तिथवर साधारण अर्धा तास लागतो, आणि माथ्यासाठी पुढे तेवढाच वेळ धरावा. पुढची वाट अधिक खडबडीत आहे. चुनखडीचा कातळ येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी गुळगुळीत झाला आहे, म्हणून चांगली पकड असलेले बूट घालावेत. पावसात ही वाट बंद ठेवतात. सावली फार थोडी असल्याने सकाळी लवकर चढावे आणि पाणी खालूनच भरून न्यावे.

माझे मत विचाराल तर एकच जागा निवडायची झाल्यास मंदिर निवडावे. घाईने माथा गाठून छायाचित्रे काढून परतणारे पुष्कळ दिसतात, आणि टेकडीचा सर्वांत जुना भाग त्यांच्या हातून निसटतो.

कातळटाके (औंध)
वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. ज्याला डायनाचे मंदिर म्हणतात ती प्रचंड दगडांची वास्तू इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकातली मानली जाते, परंतु तिच्या पोटात असलेले पाण्याचे टाके त्याहूनही कित्येक शतके जुने असून ते मोठमोठ्या शिळांनी झाकलेले आहे. आधी पाणी, मग त्याभोवती पावित्र्य आणि शेवटी दगडी भिंती, हा क्रम तिथे उभे राहिल्यावर डोळ्यांना दिसतो. मला तर सिंहगडाचे देवटाके आठवले. डायना म्हणजे ग्रीकांची आर्टेमिस, रानाची आणि शिकारीची देवता. तिचे नाव या वास्तूला परंपरेने लाभले आहे.

कथा मात्र डाफ्निस या मेंढपाळाची सांगतात. हर्मीस देवाच्या या पुत्राने आपल्यावर प्रेम करणाऱ्या अप्सरेला दिलेले वचन मोडले, म्हणून त्याची दृष्टी गेली, आणि एका कथेनुसार अखेर त्याची शिळा झाली. अहल्येची शिळा ऐकत वाढलेल्या आपल्याला ही कथा परकी वाटत नाही. गावाचे नावही 'डोके' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे असे मानतात. समुद्राच्या बाजूने टेकडी पाहिली की ते नाव पटते.

बायझंटाइन काळात संरक्षणासाठी वस्तीच टेकडीवर सरकली होती. ८५८ मध्ये अरबांनी ती जिंकली, आणि पुढे नॉर्मन राजा दुसऱ्या रॉजरच्या काळात गाव पुन्हा किनाऱ्यावर बहरले. ११३१ मध्ये त्याने पायाभरणी केलेले कॅथेड्रल तटावरून थेट खाली दिसते. माचीवर बसून वरचे पडके वाडे आणि खालचे गाव एकाच वेळी पाहता येतात, म्हणून तिथे निवांत तासभर ठेवावा.

बालेकिल्ला (सदाशिव पेठ)
गुडघ्यांविषयी सांगायचे राहिले. आईंसाठी काठी अवश्य न्यावी. आपल्याला माथा पाहायचाच असेल तर त्यांना मंदिराजवळ सावली पाहून बसवावे, एकट्याने वर जाऊन यावे आणि उतरताना मात्र दोघींनी सोबतच राहावे.