शब्दचर्चा: हिमनदी ‘मागे सरकते’ म्हणावं का?

प्रश्न: ‘गंगोत्री हिमनदी मागे सरकत आहे’ असं बातम्यांत नेहमी वाचतो. बर्फ उलटा चढण कसा चढेल? आणि पुढे जाते तेव्हा हिमनदी वाहते की घसरते?

उत्तर: चढण चढत नाहीच. हिमनदीतला बर्फ कायम उताराकडेच निघालेला असतो. गोमुखाशी, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या खालच्या टोकाशी, जेवढा बर्फ येऊन पोचतो त्याहून जास्त वितळला, की टोक वरच्या अंगाला जातं. म्हणून ‘हिमनदी आखडतेय’ किंवा ‘हिमनदीचं टोक मागे हटतंय’ लिहावं. ‘मागे सरकते’ मला सरळ चुकीचं वाटतं, कारण त्यातून नेमका उलटा अर्थ निघतो.

‘वाहते’ आणि ‘घसरते’ मात्र दोन्ही बरोबर. हिमनद्यांचे अभ्यासक लुई अगासी यांनी १८४०च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या उंटरआर हिमनदीवर या काठापासून त्या काठापर्यंत सरळ रेषेत खुंट्या ठोकल्या. काही काळाने ती रेष मधोमध पुढे वाकलेली दिसली. काठाचा बर्फ खडकाशी अडतो, मधला पुढे निघतो. नदीच्या पाण्याचंही तसंच. वरचा साधारण ५० मीटरांचा थर ठिसूळ असतो, तो तडकतो आणि भेगा पडतात. त्याखालचा बर्फ वरच्या वजनाने न तुटता आकार बदलत जातो. इथे ‘वाहणे’च चपखल.

‘घसरणे’ तळाशी. तिथे वितळलेलं पाणी असलं की अख्खा बर्फ खडकावरून सरकतो. जमिनीची खरी मोडतोड होते ती इथे. बर्फ खडकाचे तुकडे उपटतो आणि तेच तुकडे तळाशी धरून कानशीसारखा पुढचा खडक घासतो. त्याचे समांतर ओरखडे बर्फ गेल्यावरही राहतात, दरीला ‘यू’ आकार येतो. घासून निघालेली बारीक भुकटी पाण्यात उतरते. भागीरथी गोमुखाशीच करडी, गढूळ दिसते ती त्यामुळेच.

पुरवणी प्रश्न: मग ‘हिमोढ’ म्हणजे काय?

उत्तर: हिमनदीने वाहून आणलेले दगडगोटे आणि माती. कडेला साचला तो पार्श्व हिमोढ, टोकाशी साचला तो अंत्य हिमोढ. गोमुखाहून तपोवनाकडे जाताना पायाखाली सगळा दगडांचा राडा असतो. त्याच्याखाली बर्फ आहे, हे सांगितल्याशिवाय पटत नाही.

जाता जाता, गढवालात हिमनदीला ‘बामक’ म्हणतात: रक्तवर्ण बामक, चतुरंगी बामक. लाहौलमध्ये ‘शिगरी’. प्रवासवर्णन लिहिताना ही नावं तशीच ठेवावीत. ‘बडा शिगरी’ला पुन्हा ‘हिमनदी’ जोडायची गरज नाही.