प्रतिसाद: खोल बोअर म्हणजे जुनं पाणी, असं नाही

वर म्हटलंय की जतच्या (सांगली जिल्हा) सहाशे फुटी बोअरचं पाणी हजारो वर्षांचं असणार, पण नुसत्या खोलीवरनं वय ठरत नाही हो. आपल्याकडं सगळा काळा पाषाण, पाणी भेगांतनं उतरतं, एखादी भेग वरपर्यंत गेली असली की गेल्या पावसाचं पाणीपण तिथं पोचतं. पाण्यातलं ट्रिटियम (हायड्रोजनचं किरणोत्सारी रूप) तपासा, अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे तेवढ्यात निम्मंच उरतं, अणुचाचण्यांमुळं १९५० नंतर पावसात खूप वाढलेलं, सापडलं तर निदान काही पाणी अलीकडचंच. नसेल तर कार्बन-१४ (कार्बनचं किरणोत्सारी रूप, किती उरलंय त्यावरनं वय काढतात), पण आमच्या बोअरच्या चुरीत पांढरे कॅल्साइटचे खडे निघाले, त्यातला जुना, कार्बन-१४ संपलेला कार्बन पाण्यात मिसळला की वय उगाच जास्त दिसतं. आणि पाणी पावसाचं का म्हैसाळ उपसा योजनेतनं आलेल्या कृष्णेच्या पाण्यानं भरलेल्या तलावातलं, हे ऑक्सिजन-१८ नि ड्युटेरियम (ऑक्सिजन नि हायड्रोजनची जड रूपं) यांवरनं कळू शकतं, कारण तलावात बाष्पीभवन झालं की जड अणू मागं राहतात.