डोळ्यांपुढचे किडे, कडेची वीज: तुमचे अनुभव लिहा

लॅपटॉपवर काम करताना एक डास सारखा मध्ये येत होता. तीनदा हात मारला, मग कळलं की डास डोळ्यातच आहे. नजर डावीकडे नेली की तोही डावीकडे, पण जरा मागून, पाण्यात तरंगणाऱ्या केसासारखा. वय ५३, नंबर उणे ६. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातली जेली वयानुसार पातळ होते, तिच्यातल्या तंतूंच्या गुठळ्या होतात आणि त्यांची डोळ्याच्या मागच्या पडद्यावर (रेटिनावर) पडणारी सावली आपल्याला दिसते. पडदा शाबूत आहे. "सवय होईल," म्हणाले. अजून तरी झालेली नाही. तुमचं काय?

—

मला किडे नव्हते, वीज होती. अंधारात कूस बदलली की कानाकडच्या बाजूला कमानीसारखी चमक. दुखत नव्हतं म्हणून पाच दिवस घालवले. पडद्याला दुखणं कळतच नाही, जेलीची ओढ बसली तरी त्याला फक्त उजेड दिसतो, हे नंतर समजलं. सहाव्या दिवशी मिरपूड उधळल्यासारखे काळे ठिपके आले. पडद्याला चीर निघाली, लगेच लेसर. हिरवे लखलखाट, शेवटी जरा टोचलं. चीर बुजवत नाहीत बरं का, भोवतीने डाग देऊन पडदा चिकटवतात. किडे आहेत तसेच राहिले.

—

मी मात्र उशीर केला. नाकाच्या बाजूने करडी सावली सरकत होती आणि मी चष्मा पुसत बसले! पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं, डोळ्यात गॅस भरला, आठवडाभर पालथं झोपायचं. मान अशी धरली की विचारू नका. गॅस जिरेपर्यंत विमानप्रवास बंद. जिरताना नजरेत पाण्यासारखी रेघ हलते, रोज थोडी खाली. नजर आली, पण दाराची चौकट अजून किंचित वाकडी दिसते.

—

माझं वेगळंच निघालं. चकाकती नागमोडी रेघ, पसरत जाते, वीसेक मिनिटांत गायब. कुठलाही डोळा झाकला तरी दिसतेच. अर्धशिशी! डोकं दुखलंच नाही, म्हणून सुचलं नाही.

—

धागाकर्ता पुन्हा: तपासणीला सोबत कुणाला तरी न्या. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर चार-पाच तास जवळचं वाचता येत नाही, ऊन सोसवत नाही, गाडी चालवायचं तर नावच नको. आणि मला महिन्याने परत बोलावलंय, कारण जेली पडद्यापासून पूर्ण सुटेपर्यंत चीर नंतरही पडू शकते. तोवर रोज सकाळी एकेक डोळा झाकून भिंतीकडे बघतो. डास आहे जागेवर.