मदत हवी आहे: फायटो सर्टिफिकेट ठाण्यात कुठे मिळेल? तातडीचं आहे

गच्ची_घणसोली: नमस्कार. झाडांचं फायटो सर्टिफिकेट (कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला) ठाणे किंवा नवी मुंबईत कुठल्या ऑफिसात मिळतं? बॉक्स अडकलाय. एजंट धड सांगत नाही, आता तर फोनच उचलत नाही. दोन दिवसांत हवंय. खर्च किती येतो तेही सांगा. कृपया माहिती असणाऱ्यांनीच उत्तर द्या.

पारसिक: बॉक्स जातोय की येतोय? कुठला देश? झाडं की बिया?

काकू_वाशी: अगं, सोप्पं आहे. लेकीला दुबईला तुळशीचं बी पाठवायचं होतं तेव्हा मी काढलं होतं. शिवडीला प्लांट क्वारंटाइनचं ऑफिस आहे. ऑनलाइन अर्ज भरायचा, बी तपासायला न्यायचं. माणसं चांगली आहेत तिथली.

पारसिक: काकू, ते बाहेर पाठवायचं झालं. ताईंनी अजून काहीच सांगितलेलं नाही.

गच्ची_घणसोली: येतोय हो, म्हणून तर अडकलाय! बँकॉकहून 40 कलमी अडेनियम (फुगीर बुंध्याचं शोभेचं झाड) आणि थोडं बी. मंगळवारपासून कार्गोत पडून आहे. झाडं मरतील.

घोडबंदर_नर्सरी: ताई, मग ते इथे कुठेच मिळणार नाही. झाड ज्या देशात वाढलं, तिथलं सरकारी खातं ते तपासतं आणि फायटो देतं. तुमच्या बाबतीत थायलंडचा कृषी विभाग. इथून घ्यायचा असतो तो आयात परवाना, आणि तोही माल तिकडून निघायच्या आधी. 2003 च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे लागवडीच्या मालाला दोन्ही लागतं, बियांनासुद्धा. परवाना काढला होता का? कुणाच्या नावावर?

गच्ची_घणसोली: आयईसी आहे माझ्याकडे. तोच ना?

घोडबंदर_नर्सरी: नाही. आयईसी म्हणजे आयात-निर्यातीच्या धंद्याचा कोड. आयात परवाना वेगळा. त्यात झाडाचं शास्त्रीय नाव, देश, आयात करणाऱ्याचं नाव असतं. तो दुसऱ्याच्या नावावर चालत नाही. ऑर्डरच्या परिशिष्ट 6 मध्ये अडेनियमसमोर थायलंडसाठी काय लिहिलंय ते बघा. तिथे ज्या किडी-रोगांची नावं असतील, त्यांपासून माल मुक्त आहे असं फायटोवर अ‍ॅडिशनल डिक्लरेशनच्या रकान्यात शब्दशः यावं लागतं. काही झाडांना नंतर क्वारंटाइनमध्ये वाढवून दाखवावं लागतं.

मोहने_कल्याण: मुळात बाहेरून आणायचंच कशाला? जलपर्णी शोभेसाठीच आणली होती ना? आमच्या उल्हास नदीवर येऊन बघा, पाणी दिसत नाही. घाणेरीही बागेसाठीच आली, आता जंगलं खातेय. बेलापूरला अडेनियम ढिगाने मिळतं.

पारसिक: अडेनियम म्हणजे जलपर्णी नव्हे. उगाच घाबरवू नका.

मोहने_कल्याण: झाडाचं नाही म्हणत. झाडावर बसून काय येतं ते म्हणतोय.

घोडबंदर_नर्सरी: त्यांचं चूक नाही. पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 मध्ये आपल्या देशात पहिल्यांदा कोइमतूरला सापडला. पुढे पपई, तुती झोपली, महाराष्ट्रातही पोचला. माझा माल तपासला तेव्हा साहेबांनी एकेक रोप उलटं धरलं, सुईने मुळांच्या बेचक्यातला चिकटलेला कण काढला आणि भिंगाखाली धरला. अडेनियमला पिठ्या तिथेच लपतो, कापसाच्या बारीक पुंजक्यासारखा. मातीचा कणही चालत नाही. मूळ धुऊनच यायला हवं.

टिश्यू_तुर्भे: म्हणून मी सांगत असतो, टिश्यू कल्चर मागवा. बाटलीतलं रोप, माती नाही, कीड नाही.

पारसिक: कलमी अडेनियम बाटलीत? आणि परवाना, फायटो त्यालाही लागतोच.

काकू_वाशी: अडेनियमला पावसाळ्यात पाणी देऊ नका बरं. बुंधा दाबून बघायचा, मऊ लागला की कुजला समजा.

गच्ची_घणसोली: काकू, झाडं अजून हातात नाहीत माझ्या. बॉक्समध्ये 6 ऑर्किडही आहेत, भेट म्हणून टाकलीत. ती कागदपत्रांत लिहिलेली नाहीत. चालेल ना?

पारसिक: हे आत्ता सांगताय? सगळी ऑर्किड साइट्सच्या (धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत, काही तर सगळ्यात कडक परिशिष्टात. थायलंडचा साइट्स परवाना वेगळा लागतो. न लिहिलेलं झाड बॉक्समध्ये निघालं तर सगळ्या मालावर संशय येतो.

घोडबंदर_नर्सरी: ताई, एजंटवर सोडू नका. शिवडीला स्वतः जा आणि ऑर्किडसकट सगळं आधीच सांगा. परवाना नसेल तर माल परत पाठवतील किंवा नष्ट करतील, खर्च तुमचा. परत पाठवायला मिळत असेल तर लेखी मागा. विक्रेत्याने फायटो दिलं आहे का? असेल तर त्याचा फोटो टाका, नाव-पत्ता झाकून.

गच्ची_घणसोली: विक्रेत्याने आत्ताच पाठवलं. वर माझं नाव नाही, एजंटचं आहे. आणि अ‍ॅडिशनल डिक्लरेशनसमोर नुसती रेघ मारली आहे. ही रेघ म्हणजे काय?

घोडबंदर_नर्सरी: म्हणजे तिथे काहीच लिहिलेलं नाही. उद्या सकाळी निघा. हा फोटो आणि पैसे भरल्याची पावती सोबत ठेवा.